आधी पाइपाची वाट, मग चिमणी

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डोंबिवलीत टू बीएचके, स्वयंपाकघर 8 बाय 10, छत साडेनऊ फुटांवर. ओट्यावर 3 बर्नरची काचेची शेगडी, पाइप गॅस. रोजची फोडणी, आठवड्यातून दोनदा मासे, आणि घरात सासूबाईंना दमा. शेगडीमागच्या भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनी, तिथे गॅस गिझर. दुकानदार 90 सेंटिमीटरची, 1500 सक्शनची, फिल्टरलेस ऑटोक्लीन चिमणी घ्या म्हणतोय आणि पाइप समोरच्या खिडकीतून काढू म्हणतोय. तुम्हाला विचारायचंय ते असं: सक्शन किती हवं, 60 की 90, फिल्टरची की बिनफिल्टरची, आणि ऑटोक्लीनचा खरंच उपयोग होतो का.

मी 22 वर्षं ठाणे-कल्याण पट्ट्यात किचनची आणि चिमण्यांची कामं करतो. तुम्ही विचारलेल्या चारही गोष्टींची उत्तरं देतो, पण ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ते तुमच्या प्रश्नात शेवटी, जाता जाता आलंय: पाइप कुठून जाणार. चिमणी बदलता येते. पाइप एकदा पीओपीच्या आत किंवा कॅबिनेटमागे गेला की पुढची 10-12 वर्षं कोणी त्याला हात लावत नाही.

आमच्या गावच्या घरी चुलीच्या बरोबर वर कौलांत धुराडं होतं. त्याला मोटर नव्हती, सक्शनचा आकडा नव्हता. गरम धूर आपोआप वर चढतो आणि त्याला सरळ, मोकळी वाट होती, एवढंच. फ्लॅटमध्ये डोक्यावर दुसऱ्याचं घर असतं, म्हणून धूर आडवा न्यावा लागतो आणि त्यासाठी मोटर लागते. म्हणजे मोटरचं काम वाटेतल्या अडचणींशी झगडायचं. अडचणी जितक्या वाढवाल तितकी ती हरते.

आता सक्शन. चिमणीवर जो 1200 किंवा 1500 आकडा असतो, तो ताशी घनमीटर हवेचा, आणि तो बहुतेक वेळा पुढे काही अडथळा नसताना मोजलेला किंवा काढलेला असतो. हिशेब करून बघा. 6 इंची पाइपातून ताशी 1500 घनमीटर हवा जायची तर पाइपात ताशी 80 किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा वाहायला हवा. दीड-दोनशे वॅटची घरगुती मोटर पाइप आणि वळणं जोडल्यावर असा वारा देऊ शकत नाही. पाइप चांगला असेल आणि लिहिलेल्याच्या निम्मी हवा बाहेर पडली, तरी मी समाधानी असतो.

आणि निम्मी तुम्हाला पुरते. तुमचं स्वयंपाकघर 8 × 10 × 9.5 म्हणजे 760 घनफूट, साधारण 21.5 घनमीटर. तासाला 20 वेळा हवा बदलायची म्हटली तर 430 घनमीटर लागतात. आपल्या फोडण्या, तळण, भाजणं धरून मी 600 धरतो. म्हणजे 1200 लिहिलेली चिमणी नीट पाइपावर तुमच्या घराला भरपूर झाली. 1500 साठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. मग 800 ची का नको? कारण ती सतत सर्वांत वरच्या वेगावर चालवावी लागेल आणि आवाज होईल. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. ज्या चिमणीसमोर उभं राहून बोलता येत नाही, ती घरातली बाई दोन महिन्यांत बंद ठेवायला लागते, हे मी असंख्य घरांत पाहिलंय. थोडी मोठी क्षमता घ्यायची ती मधल्या वेगावर शांत चालावी म्हणून. दुकानात ऐकून ठरवू नका, तिथे पाइपच जोडलेला नसतो.

पाइपाकडे येतो. खिडकीतून काढायचा तर चिमणीपासून वर, मग छताखालून 11 फूट आडवा, कोपऱ्यात वळून खिडकीच्या वरच्या तावदानातून बाहेर. 3 वळणं. मी एक काटकोनी एल्बो, म्हणजे वळणाचा तुकडा, 8 फूट सरळ पाइपाएवढा असा ढोबळ हिशेब धरतो. म्हणजे 11 फूट दिसणारा पाइप मोटरला 35 फुटांचा वाटतो. शिवाय आडव्या पाइपात तेलाची वाफ थंड होऊन साचते, आणि उतार आतल्या बाजूला राहिला तर तेच तेल थेंबाथेंबाने शेगडीवर परत येतं.

तुमच्या घरात याहून चांगली वाट आहे. चिमणीच्या वर 2 फूट सरळ, एक वळण, भिंतीतून ड्राय बाल्कनीत, आणि तिथून सरळ साडेचार-पाच फुटांवर ग्रिलबाहेर. एल्बो धरूनही 15 फुटांच्या आसपास. पण पाइप बाल्कनीच्या आत मोकळा सोडू देऊ नका. "बाल्कनी उघडीच आहे, इथेच सोडू" असं बसवणारे म्हणतात, कारण त्यांचा पाइप आणि अर्धा तास वाचतो. मग सगळं तेल तुमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर, वॉशिंग मशिनवर आणि गिझरवर बसतं, आणि वास दारातून परत घरात.

भोक पाडण्याआधी भिंत कशाची आहे ते विचारा. जुन्या इमारतीत विटांची भिंत असेल तर कोर कटिंगवाला, म्हणजे मशिनने गोल भोक पाडणारा, 7 इंची भोक अर्ध्या तासात स्वच्छ पाडून देतो. छिन्नी-हातोड्याने पाडलं तर पलीकडचं प्लॅस्टर उडतं. नवी इमारत माइव्हान पद्धतीची, म्हणजे भिंतीही साच्यात काँक्रीट ओतून केलेली, असेल तर जवळपास प्रत्येक भिंत काँक्रीटची आणि भार घेणारी असते. तिथे सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक इंचही कापायचं नाही. बीम आणि कॉलम तर कुठल्याच इमारतीत नाही. अशा घरांत बिल्डरने बऱ्याचदा छताजवळ एक भोक ठेवलेलं असतं, टाइलवाल्याने ते बुजवलेलं असतं. बोटाने ठोकून बघितलं की पोकळ आवाज येतो.

व्यास 6 इंच, शेवटपर्यंत. मी हे आग्रहाने सांगतो, कारण यात मी स्वतः चुकलोय. धंद्यात नवा असताना एका घरी भिंतीत आधीच 4 इंची पीव्हीसी पाइप टाकलेला होता. नवं भोक नको म्हणून मी 6 वरून 4 चा रिड्यूसर लावला, 3 वळणं घेतली, चिमणी चालू करून दाखवली, पैसे घेतले. वर्षभराने त्याच इमारतीत दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा त्या काकूंनी हाक मारून आत नेलं. छत पिवळं पडलं होतं, त्या फोडणी देताना खोकत होत्या, आणि चिमणी खराब निघाली असं त्यांना वाटत होतं. चिमणीत काहीच खराबी नव्हती. 4 इंची पाइपाचं तोंड 6 इंचीच्या निम्म्याहूनही कमी, आणि तेवढीच हवा ढकलायची तर घर्षण साडेसात पट. मी स्वखर्चाने नवं भोक पाडून पाइप बदलून दिला. त्यानंतर मी रिड्यूसर पिशवीतच ठेवत नाही.

पाइप कशाचा? किटबरोबर येणारा अ‍ॅल्युमिनियमचा लवचिक पाइप पूर्ण ताणून, फूट-दीड फुटापुरता वापरला तर ठीक. पण 5 फुटांत 10 फुटांचा पाइप दाबून बसवतात, त्याला पोट सुटतं, घड्यांत तेल साचतं आणि हवाही अडखळते. पीव्हीसी आतून गुळगुळीत असतो, स्वस्त असतो, सगळीकडे तोच दिसतो. पण आत तेलाचा थर आणि खाली उघडी ज्योत हे लक्षात घेऊन मी शेगडीच्या वरच्या भागात जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याचीच गोल नळी वापरतो. खर्चात फार फरक पडत नाही. बाहेरच्या बाजूला हलका उतार द्यायचा आणि टोकाला खाली तोंडाचा, झडपवाला काउल, म्हणजे पाइपाची टोपी, लावायचा. चिमणी बंद झाली की झडप मिटते, त्यामुळे पावसाची झड, झुरळं आणि मुख्य म्हणजे कबुतरं आत येत नाहीत. पाइपात घरटं निघालेली घरं मी दरवर्षी दोन-तीन तरी बघतो. जाळी मात्र लावू नका. चार महिन्यांत तेल आणि धुळीने ती गच्च होते. टोक पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर पावसाळी वारा थेट तोंडावर येतो, तिथे काउल मोठा आणि खोल घ्या.

रुंदीचं उत्तर तुमच्या शेगडीत आहे. 3 बर्नरच्या शेगडीत दोन मोठे बर्नर दोन टोकांना आणि लहान मधे मागे असतो. म्हणजे तुमचं तळण आणि फोडणी नेमकी कडेला होणार. शेगडी 70-75 सेंटिमीटरची असणार, मोजून बघा. 60 च्या चिमणीबाहेर दोन्ही बाजूंनी धूर निसटेल, म्हणून 60 नको. 75 ची मिळाली तर उत्तम, त्यात पर्याय कमी असतात, नाहीतर 90. इथे दुकानदाराचं बरोबर आहे.

रुंदीबद्दल सगळे बोलतात, खोलीबद्दल कोणी बोलत नाही. ओटा 60 सेंटिमीटर खोल असतो आणि बऱ्याच चिमण्या 45-50 सेंटिमीटर पुढे येतात. शेगडी ओट्याच्या काठाशी ओढून ठेवली तर पुढचं अर्धं भांडं उघड्यावर राहतं. शेगडी मागे सरकवा, फक्त मागची गॅसची नळी दुमडणार किंवा तापणार नाही एवढी जागा सोडा. तिरक्या काचेच्या चिमण्या दिसायला छान, डोक्याला लागत नाहीत, पुसायला सोप्या. पण धुराचा मोठा लोट आला तर तो क्षणभर साठवून धरायला त्यांना पोटच नसतं. कढईत कोळंबी टाकल्याबरोबर जो भपकारा उठतो तो काचेवरून पुढे निसटतो. आठवड्यातून दोनदा मासे तळणाऱ्या घराला मी खाली रुंद तोंड आणि आत खोलगट जागा असलेली, जुन्या घाटाचीच चिमणी सांगतो. शोरूममध्ये ती कमी उठून दिसते, पण धूर जास्त धरते.

उंची शेगडीच्या वरच्या कडेपासून मोजायची, ओट्यापासून नाही. काचेची शेगडी ओट्यावर 4-5 इंच उंच उभी असते. ओट्यात बसवलेल्या हॉबसाठी आखलेलं माप तसंच लावलं तर चिमणी ज्योतीच्या फार जवळ येते. साधारण 65 ते 75 सेंटिमीटर. कंपनीच्या पत्रकात जे किमान अंतर दिलंय ते मोडायचं नाही, आणि 75 च्या वर गेलात तर धूर वाटेतच पसरतो.

आता फिल्टर. जाळीचे अ‍ॅल्युमिनियम फिल्टर आपल्या स्वयंपाकाला नकोत, 10 दिवसांत तुंबतात. बॅफल म्हणजे वळवलेल्या स्टीलच्या पट्ट्या: हवा वळत जाते, तेलाचे थेंब जड असल्याने वळू शकत नाहीत, पट्टीवर आपटून खाली गळतात. फिल्टरलेसमध्ये तेच काम फिरणारा पंखा करतो, तेल बाहेर फेकतो आणि ते वाटीत जमतं. यात चांगलं-वाईट नाही, धुणार कोण हा प्रश्न आहे. बॅफल दर 15-20 दिवसांनी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणात भिजवून धुवावा लागतो. ते घरात कोणी नेमाने करणार असेल तर बॅफल घ्या, कारण पंख्यापर्यंत तेल कमी पोहोचतं आणि मोटर जास्त टिकते. होणार नसेल तर फिल्टरलेस घ्या. तुंबलेल्या बॅफलपेक्षा ती बरी. कॉस्टिक सोड्यात बुडवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अ‍ॅल्युमिनियम त्यात काळं पडून खाल्लं जातं आणि हातही भाजतात.

ऑटोक्लीन म्हणजे पंख्याभोवतीची तार तापते, तेल पातळ होऊन वाटीत उतरतं. उपयोग होतो, पण तो पंख्याच्या घरापुरता. फिल्टर, काच, पाइप यातलं काहीच त्यात साफ होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी बटण दाबा. सहा महिने ठेवलेलं तेल हळद-बेसनाच्या धुळीबरोबर वार्निशसारखं घट्ट होतं, मग ते उष्णतेने सुटत नाही, खोलूनच काढावं लागतं. आणि वाटी रिकामी करायची आठवण ठेवा.

पाइपच लागत नाही अशी कोळशाच्या फिल्टरची चिमणी कोणी सुचवली तर सासूबाईंच्या दम्यासाठी स्पष्ट नाही म्हणा. ती वास थोडा कमी करते आणि हवा परत घरातच सोडते. उष्णता, वाफ, ज्योतीतून निघणारे वायू सगळे आतच राहतात. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो श्वासनलिकेला चुरचुरवतो. तळणातून डोळ्यांना न दिसणारे बारीक कण निघतात. हे घराबाहेरच गेलं पाहिजे. त्यासाठी चिमणी शेगडी पेटवायच्या आधी सुरू करा आणि शेगडी बंद केल्यावर 10 मिनिटं चालू ठेवा. पहिला ठसका बसल्यावर बटण दाबलं तर धूर आधीच हॉलमध्ये पोहोचलेला असतो. मिरच्या, सुकट, सुकं खोबरं भाजायचं ते मागच्या बाजूला भांडं सरकवून भाजा. तरीही सगळा धूर कुठलीच चिमणी ओढत नाही, म्हणून तेवढा वेळ सासूबाईंनी दुसऱ्या खोलीत बसावं.

यापुढचं कृपा करून दोनदा वाचा. चिमणी तासाला 600 घनमीटर हवा बाहेर फेकते, म्हणजे तेवढीच हवा कुठून तरी आत आली पाहिजे. एसी किंवा डासांमुळे हॉलच्या खिडक्या बंद असतील तर ती हवा ड्राय बाल्कनीच्या दारातून येईल. तिथे तुमचा गॅस गिझर आहे. तो चालू असेल तर त्याचा जळलेला वायू चिमणी स्वयंपाकघरात ओढून आणेल. त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. सकाळी डबे करायची आणि आंघोळीची वेळ एकच असते, म्हणून हा योग रोजचा आहे. माझं मत विचाराल तर चिमणीच्या खर्चातच गिझर विजेचा करून टाका. ते होईपर्यंत गिझर आणि चिमणी एका वेळी चालवायची नाही, बाल्कनीचं दार बंद, आणि चिमणी चालू असताना हॉलची एक खिडकी चार बोटं तरी उघडी. स्वयंपाकघरातल्या खिडकीत एक्झॉस्ट फॅन असेल तर तो चिमणीबरोबर लावू नका. तो धूर शेगडीवरून स्वतःकडे आडवा ओढतो आणि चिमणीच्या तोंडातून घास काढून घेतो.

गॅसगळती ओळखणाऱ्या सेन्सरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार सांगेल. तुमच्याकडे पाइप गॅस आहे, तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर चढतो, त्यामुळे वर बसवलेला सेन्सर त्याला पकडू शकतो. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. चिमणीतल्या सेन्सरपर्यंत तो पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो. सिलिंडर वापरणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. आणि गॅसचा वास आला तर, तो कुठलाही असो, "वास बाहेर जाईल" म्हणून चिमणी लावायची नाही. बटणाची ठिणगी पुरते. कॉक बंद, खिडक्या उघड्या, दिव्यालाही हात नाही, बाहेर पडून फोन.

वीज फार लागत नाही. 200 वॅटची मोटर रोज 2 तास म्हणजे महिन्याला 12 युनिट. प्लग अर्थिंगचा हवा आणि त्याचा स्विच ओट्याशी उभं राहून हाताला येईल असा. वॉरंटीत मोटरची वर्षं आणि पूर्ण वस्तूची वर्षं वेगळी असतात, दोन्ही बिलावर लिहून घ्या. पाइप, काउल, कोर कटिंग यांचे पैसे बहुधा वेगळे लागतात, तेही आधीच विचारा.

तर तुमच्यासाठी: 90 सेंटिमीटर, 1200, खोलगट तोंडाची, बॅफल धुणार असाल तर बॅफल, पाइप 6 इंची, ड्राय बाल्कनीतून थेट ग्रिलबाहेर. 1500 चे वाचलेले पैसे जीआय पाइप आणि चांगल्या काउलला लावा.

बसवून झालं की चालू करून आवाज ऐकवतील आणि सही मागतील. सही करायच्या आधी पुढच्या बाजूला, भांड्याच्या कडेच्या उंचीवर उदबत्ती धरा. मधल्या वेगावर तिचा धूर वळून चिमणीकडे गेला पाहिजे. मग डाव्या टोकाला, मग उजव्या. त्यानंतर बाल्कनीत जाऊन ग्रिलबाहेर काउलखाली हात धरा. वारा जोरात लागला पाहिजे आणि झडप पूर्ण उघडलेली दिसली पाहिजे. यातलं काही कमी वाटलं तर पाइप कुठे दबलाय किंवा दुमडलाय ते त्याच दिवशी शोधायला लावा, आणि तोपर्यंत पाइप झाकणारा स्टीलचा पत्रा बसवू देऊ नका.